भोक पाडण्याआधी विचारा: अंदमानी अवशेष बाळगणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अंदमानी माणसांची हाडं, केस आणि रक्ताचे नमुने ज्यांच्या ताब्यात आहेत अशी देशातली आणि परदेशातली संग्रहालयं व प्रयोगशाळा,
त्यांच्या एथिक्स कमिट्या,
आणि आदिवासी कार्य मंत्रालय, भारत सरकार

स. न. वि. वि.

जैविक विविधता कायदा 2002 मध्ये झाला. ‘जैविक संसाधन’ म्हणजे काय हे सांगताना त्यातून मानवी जनुकीय सामग्री वगळली होती. 2023 मध्ये कायदा दुरुस्त झाला, व्याख्या नव्याने लिहिली गेली, आणि वगळलेलं वगळलेलंच राहिलं. माणसाचा देह ही व्यापाराची वस्तू नव्हे, ही त्यामागची भूमिका आम्हाला मान्य आहे. पण मग माणसासाठी दुसरा कायदा करायला हवा होता, तो कुणी केला नाही. आज परिस्थिती अशी की लिटल अंदमानच्या जंगलातल्या बेडकाचा नमुना परदेशी संशोधकाला हवा असेल तर त्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं दार ठोठवावं लागतं. त्याच जंगलात सव्वाशे वर्षांपूर्वी वारलेल्या ओंगे (लिटल अंदमानची आदिवासी जमात) माणसाच्या दाताची भुकटी करायची असेल, तर त्याच्या वंशजांना विचारलंच पाहिजे असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यात नाणी आहेत, मूर्ती आहेत, हस्तलिखितं आहेत; माणसाच्या सांगाड्याचं नाव नाही.

सेल्युलर जेल पाहायला गेलेला मराठी पर्यटक दुसऱ्या दिवशी पहाटे जिरकाटांगच्या फाटकापाशी गाड्यांच्या ताफ्यात उभा असतो. पुढचा रस्ता जारव्यांच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवायची नाही, खायला द्यायचं नाही, फोटो काढला तर शिक्षा, असं त्याला बजावलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचा फोटो काढणं गुन्हा, त्याच्या पूर्वजाचा अख्खा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचून इंटरनेटवर ठेवणं मात्र गुन्हा नाही, ही विसंगती आम्हाला गप्प बसून पाहवत नाही.

आम्ही प्राचीन डीएनए, अस्थिविज्ञान आणि लोकसंख्या-जनुकशास्त्र या विषयांत काम करणारी माणसं आहोत. आमच्या पदव्या, पगार आणि शोधनिबंध याच हाडांवर उभे आहेत. त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आम्हाला आणता येणार नाही. खाली ज्या चुका मांडल्या आहेत त्या आमच्याच धंद्यातल्या आहेत.

संग्रहालयाच्या कपाटात असते तशी एक कवटी डोळ्यांपुढे आणा. कपाळावर तांबड्या गेरूचे पट्टे, मधे पांढऱ्या मातीचे ओरखडे, आणि गळ्यात अडकवता येईल अशी विणलेली दोरी. नोंदवहीत तीन शब्द: अंदमान, मूल, कवटी. अंदमानी लोक मृताला पुरत किंवा झाडावर माच बांधून त्यावर ठेवत. काही महिन्यांनी हाडं काढायची, धुवायची, गेरू फासायचा आणि जवळच्या नातेवाइकांनी ती अंगावर बाळगायची, अशी त्यांची रीत होती. मेलेल्या लेकराची कवटी गळ्यात घालून आई रोजची कामं करत असे. ती वस्तू तुमच्या कपाटात आली तेव्हा जमिनीतून आलेली नव्हती. ती कुणाच्या तरी पाठीवरून उतरवलेली होती. कशी उतरवली, कशाच्या बदल्यात, हे त्या तीन शब्दांत नाही.

अशा कवटीवर आमच्या प्रयोगशाळेत काय होतं, ते वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून सांगतो.

कानाच्या आतल्या बाजूला शंखास्थीचा एक भाग असतो, त्याला पेट्रस म्हणतात. शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी हे एक, म्हणून डीएनए टिकण्याची शक्यता इथे जास्त. हाडाचा वरचा थर ब्लीचने पुसायचा, अतिनील दिव्याखाली ठेवायचा आणि खरवडून टाकायचा. मग कमी वेगाने ड्रिल चालवायचं. घाई केली की हाड तापतं आणि उरलासुरला डीएनएही तुटतो. निघालेली भुकटी साधारण 50 मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. ती ईडीटीए आणि प्रोटिनेझ के यांच्या द्रावणात रात्रभर फिरत ठेवायची. कॅल्शियम आणि प्रथिनं सुटली की डीएनए सिलिकावर पकडायचा. हाती येतात ते 30 ते 70 अक्षरांचे (म्हणजे डीएनएच्या रासायनिक दुव्यांचे) तुकडे, आणि त्यांच्या टोकांना ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचलं जातं. ही टोकांची झीज हीच जुनेपणाची खूण. झीज नसेल तर तो डीएनए बहुधा कुणा हाताळणाऱ्याचा.

आता वरच्या कवटीचा पेच पाहा. भेसळ तपासण्याची आमची दुसरी नेहमीची पद्धत म्हणजे माइटोकॉन्ड्रियल डीएनए, जो फक्त आईकडून मुलांकडे येतो: तो एकाच माणसाचा असेल तर एकाच प्रकारचा दिसायला हवा. पण आईचा आणि मुलाचा माइटोकॉन्ड्रियल डीएनए एकच असतो. आईने महिनोन् महिने अंगावर वागवलेल्या कवटीत तिचा घाम मुरला असेल, तर ही चाचणी काहीच ओरडणार नाही. झीजही मदतीला येणार नाही, कारण तो घामही आता सव्वाशे वर्षांचा आहे. हाडाच्या आतून भुकटी घेतली तर धोका कमी होतो, पण आतून घ्यायची हे ठरवायला आधी ही रीत ठाऊक असावी लागते. ती सांगू शकणाऱ्या समाजाला आपण बोलावतच नाही. न विचारल्याने विज्ञानही कसं घसरतं, त्याचा हा एक नमुना.

दुसरा धोका जपणुकीचाच. शंभर वर्षांपूर्वी संग्रहालयांत हाडं मजबूत राहावीत म्हणून त्यांवर सरस, शेलॅक असं काहीबाही चढवलं जाई. कधी फॉर्मॅलिन. यातलं काय कधी लावलं याची नोंद नसेल, तर भुकटीतून डीएनए निघत नाही तेव्हा दोष हवामानाचा की औषधाचा हेही कळत नाही. हाड मात्र गेलेलं असतं.

मग तक्रारींकडे येतो.

पहिली: ही हाडं कोणत्या काळात जमली, ते शोधनिबंधांतून गायब होतं. 1858 मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत वसवली. त्यानंतरच्या अर्धशतकात ग्रेट अंदमानींच्या दहा जमाती सिफिलिसने आणि साथींनी विरत गेल्या. 1877 मध्ये गोवर आला आणि गावंच्या गावं बसली. 1901 च्या गणतीत ग्रेट अंदमानी 625 उरले होते, 1961 मध्ये 19. नेमक्या याच वर्षांत अधिकारी आणि डॉक्टर सांगाडे विलायतेला पाठवत होते. 1880 च्या आसपास शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम फ्लॉवर यांनी लंडनमध्ये त्यांची मोजमापं छापली. माणसं मरत होती आणि हाडं जमत होती. शोधनिबंधात याचं रूपांतर ‘संग्रहालयातून मिळालेले नमुने’ एवढ्या तीन शब्दांत होतं. ‘मिळालेले’ हे क्रियापद आम्हाला खुपतं.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि तिचं ओझं आम्हा जनुकशास्त्रज्ञांवर सर्वांत जास्त. आम्ही ओंग्यांची मोजपट्टी करून टाकली. 2009 मध्ये भारतातल्या 25 समाजगटांतल्या 132 माणसांचा डीएनए तपासून एक गाजलेला निबंध आला. आजचे बहुतेक भारतीय दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आले, उत्तरेकडचा एक आणि दक्षिणेकडचा एक, असं त्यात मांडलं होतं. दक्षिणेकडच्या समूहाचं निर्भेळ प्रतिनिधित्व करणारा कोणताही समाज मुख्य भूमीवर उरलेला नाही. मिश्रण मोजायला काहीतरी लागतं, म्हणून त्याच्या दूरच्या नात्यातले ओंगे घेतले. गणित म्हणून यात गैर नाही. पुढे 2019 मध्ये हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन स्त्रीचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हाही तिच्या एका पूर्वजधारेची तुलना अंदमानी शिकारी-संकलकांशीच केली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे या निबंधाचे पहिले लेखक होते, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांना ही बातमी घरची वाटली.

घोळ झाला तो पुढे. ‘दूरच्या नात्यातले’ हे शब्द गळाले आणि ‘ओंगे हेच आपले मूळ पूर्वज’ असं छापून यायला लागलं. सोप्या भाषेत सांगायचं तर ओंगे आणि मुख्य भूमीवरचा तो जुना समूह यांची वाट कित्येक दहा हजार वर्षांपूर्वीच फुटली. ते आपले पणजोबा नव्हेत. ते आपल्या खापर-खापर पणजोबांच्या चुलतभावाच्या वंशातले, आणि तेवढीच वर्षं त्यांनीही जगण्यात, बदलण्यात घालवलेली. त्यांच्या रक्तात कुणाचा भूतकाळ गोठून राहिलेला नाही. पण ‘जिवंत जीवाश्म’ म्हटलं की बातमी होते, आणि बातमी झाली की पुढच्या नमुन्यासाठी पैसा येतो. हे चक्र आम्हाला आतून माहीत आहे.

तिसरी तक्रार तारखांची. 2005 मध्ये पाच ओंगे, पाच ग्रेट अंदमानी आणि पाच निकोबारी माणसांच्या संपूर्ण माइटोकॉन्ड्रियल डीएनएवरून निष्कर्ष निघाला की अंदमानींचे एम31 आणि एम32 हे वंशगट 50 ते 70 हजार वर्षांपासून एकाकी आहेत. पुढच्याच वर्षी बंगालकडच्या राजबंशी समाजात एम31 ची जवळची शाखा सापडली आणि एकाकीपणाचा काळ एकदम आखडला. नंतर म्यानमारमध्येही तिचे नातलग मिळाले. तरीही आजच्या माहितीपत्रकांत ‘60 हजार वर्षांपासून या बेटांवर’ हेच वाक्य टिकून आहे.

चूक कुठे होते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ती पुन्हा पुन्हा होते. दोन वंशधारा कधी वेगळ्या झाल्या, आणि त्यातली एक बेटावर कधी उतरली, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. वाईच्या एका घराण्याच्या दोन शाखा 1700 साली वेगळ्या झाल्या आणि त्यातली एक आज नागपुरात असली, तर ती 1700 सालीच नागपुरात पोचली असं कुणी म्हणणार नाही. डीएनएचं घड्याळ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. दुसऱ्याचं उत्तर मातीत शोधावं लागतं. झरीन कूपर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी अंदमानात शंख-शिंपल्यांचे उकिरडे खणले, त्यांतल्या चौलदारीच्या सर्वांत जुन्या थराचं वय सुमारे 2,200 वर्षं निघालं. माणसं त्याआधी तिथे नव्हती असं यावरून ठरत नाही. हिमयुगानंतर समुद्र चढला, जुने किनारे पाण्याखाली गेले. पण 2,200 आणि 60,000 यांच्यामधली दरी डीएनएच्या एका आकड्याने बुजवता येत नाही, एवढं तरी कबूल करू.

2016 मध्ये दहा अंदमानी माणसांच्या जीनोमवरून त्यांच्यात कुणा अज्ञात, नामशेष मानवजातीचा अंश असल्याचा दावा झाला. 2018 मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने तो तपासला आणि पुरावा नाही असं दाखवलं. विज्ञानात हे चालायचंच, दुरुस्ती झाली हे चांगलंच. पण दावा जगभर पोचला आणि खंडन शोधनिबंधातच राहिलं. ज्यांच्याविषयी हा सगळा दावा-प्रतिदावा झाला, त्यांना यातलं काय कळवलं, कुणी कळवलं?

चौथी तक्रार संमतीची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आदिवासी समाजांवरच्या संशोधनाबाबत स्पष्ट आहेत: संशोधन उपचार, निदान किंवा प्रतिबंध यांसाठी असावं आणि त्याचा त्या समाजाला फायदा व्हावा, समाजातल्या वडीलधाऱ्यांशी आणि त्यांची बोली जाणणाऱ्यांशी सल्लामसलत करून, साक्षीदारांसमोर संमती घ्यावी, प्रमुखाने हो म्हटलं तरी प्रत्येकाला स्वतंत्र विचारावं. ‘तुम्ही कुठून आलात’ हा प्रश्न यातल्या कोणत्या रकान्यात बसतो, हे आम्हाला कुणीतरी सांगावं. तो उपचार नाही, निदान नाही, प्रतिबंध नाही. शिवाय ही तत्त्वं जिवंत माणसांसाठी. मेलेला माणूस एथिक्स कमिटीसमोर ‘सहभागी’ म्हणून येत नाही, ‘साहित्य’ म्हणून येतो, आणि साहित्याला मान डोलावता येत नाही तशी हलवताही येत नाही.

जिवंतांच्या नमुन्यांबद्दलही शोधनिबंधात एक ठरावीक ओळ असते, माहितीपूर्ण संमती घेतली अशी. कोणत्या भाषेत घेतली? ओंगे भाषेत ‘जीनोम’साठी काय शब्द वापरला? रक्त मलेरियासाठी तपासतो असं सांगितलं की वंशासाठी? नमुना वीस वर्षांनी तिसऱ्याच प्रश्नासाठी वापरला जाईल हे सांगितलं का? एकेका नमुन्याचा कागद तुमच्या फायलीत असेल तर तो दाखवा. अमेरिकेत हवासुपाई या मूलनिवासी जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी एका विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिलं होतं. ते स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतराच्या संशोधनात वापरलं गेल्याचं उघड झालं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2010 मध्ये विद्यापीठाला सात लाख डॉलर देऊन नमुने परत करावे लागले. हवासुपाईंना वकील मिळाले. ओंग्यांना कोण मिळणार?

विचारणार कोण, हाही प्रश्न आहे. ज्या खात्याच्या हातात रेशन, दवाखाना आणि बोट आहे, त्याच खात्याच्या माणसाने अर्ज पुढे केला तर समोरचा ‘नाही’ कसं म्हणेल? हो म्हणणं सोपं आणि नाही म्हणणं महाग असेल, तर त्या होकाराला आम्ही संमती म्हणणार नाही.

पाचवी, थोडक्यात. 2011 च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी 44 होते, ओंगे 101. एवढ्या छोट्या समाजात ‘नाव काढून टाकलं’ म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. लिंग, वयाचा अंदाज आणि गाव एवढं दिलं की माणूस कळतो, आणि एकाच्या जीनोमवरून त्याच्या भावंडांबद्दल, मुलांबद्दल, कोणत्या आजाराला ते बळी पडू शकतात त्याबद्दल बरंच काही कळतं. खुला डेटा हे आमच्या क्षेत्राचं व्रत आहे आणि आम्ही ते मानतो. पण शंभर माणसांच्या समाजात ते व्रत दुसऱ्याच्या खर्चाने पाळलं जातं.

थांबलो तर विज्ञान मागे पडेल, असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. आकडे उलटं सांगतात. 2003 मध्ये संग्रहालयातल्या अंदमानी नमुन्यांवर पहिले अभ्यास झाले, तेव्हा एका नमुन्यातून हाती लागायचा तो माइटोकॉन्ड्रियल डीएनएचा काही शे अक्षरांचा पट्टा. आज त्याहून कमी हाडात संपूर्ण जीनोम मिळू शकतो. तेव्हा जे खर्ची पडलं ते परत येणार नाही. आणखी दहा वर्षांनी कदाचित आजच्या निम्मी भुकटी पुरेल. उष्ण हवेत तर फसण्याचं प्रमाणच फार: राखीगढीच्या स्मशानातल्या 61 नमुन्यांतून कामाचा डीएनए निघाला तो एकाच व्यक्तीचा. तुमच्या कपाटातली अंदमानी हाडं थंड हवेत शंभर-सव्वाशे वर्षं राहिली म्हणून त्यातल्या त्यात बरी, आणि म्हणूनच सगळ्यांची नजर त्यांच्यावर. ती कुठे पळून जात नाहीत.

विचारून काम होत नाही असंही नाही. पॅसिफिकमधल्या रापा नुई बेटावरून, म्हणजे ईस्टर आयलंडवरून, नेलेले अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. त्यातले काही 1877 मध्ये नेले होते, ज्या वर्षी अंदमानात गोवर पसरला त्याच वर्षी. गुलामगिरी आणि साथींनंतर त्या बेटावर तेव्हा जेमतेम 110 माणसं उरली होती. 2024 मध्ये त्या अवशेषांतल्या 15 जणांचे जीनोम प्रसिद्ध झाले, ते बेटावर जाऊन तिथल्या लोकांशी बोलणी करून. निष्कर्षही त्यांच्या कामाचा निघाला. झाडं तोडून त्यांनी सतराव्या शतकात स्वतःचाच नाश ओढवून घेतला, ही पुस्तकापुस्तकांतून फिरलेली गोष्ट जीनोममध्ये दिसली नाही. उलट युरोपीय येण्याआधीच दक्षिण अमेरिकेच्या लोकांशी संपर्क झाल्याची खूण मिळाली. आणि त्या बोलण्यांत लोकांनी सर्वांत पुढे काय ठेवलं? आमची माणसं घरी आणा.

परत देणं अशक्य नाही. एडिनबरा विद्यापीठाने 2019 मध्ये श्रीलंकेच्या वेद्दा आदिवासींना त्यांच्या नऊ कवट्या परत केल्या. ब्रिटनच्या 2004 च्या कायद्याने तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांना हजार वर्षांच्या आतले मानवी अवशेष परत देण्याची मुभा दिली आहे. अंदमानी हाडं त्या मर्यादेत सहज बसतात. गरज आहे ती कुणीतरी मागण्याची. नागा लोक 2020 पासून आपल्या पूर्वजांचे अवशेष ऑक्सफर्डहून परत यावेत म्हणून गावोगाव बैठका घेत आहेत, त्यांना तो आवाज आहे. ग्रेट अंदमानींसारख्या मूठभर माणसांच्या वतीने भारत सरकारनेच मागायला हवं.

म्हणून आमच्या मागण्या.

संग्रहालयांनो, प्रत्येक अंदमानी अवशेषाची यादी वर्षभरात प्रसिद्ध करा. कुठून आला, कुणी पाठवला, कधी, त्यावर काय लावलं, त्यातून आजवर किती नमुने घेतले, किती ग्रॅम गेले आणि भुकटी कुठे उरली आहे. यादी इंग्रजीबरोबर हिंदीतही असावी, कारण ग्रेट अंदमानी कुटुंबं आता बहुतेक व्यवहार हिंदीतच करतात.

यादी होईपर्यंत नवं भोक पाडू नका. केस, दात, कानातली चिमुकली हाडं, काहीच नको. अगदीच निकडीचं काम असेल तर आधी सीटी स्कॅन, आणि कवटी अखंड असेल तर खालच्या बाजूने ड्रिल करण्याची पद्धत वापरा. पण तेही परवानगी मिळाल्यावर.

प्रयोगशाळांनो, जुन्या रक्तनमुन्यांच्या संमतीचे कागद स्वतंत्र समितीपुढे ठेवा. कागद नसेल तर नमुना गोठवून ठेवा, वापरू नका, फेकूही नका. काय करायचं ते त्या समाजाला ठरवू द्या. 50 मिलिग्रॅममधून उरलेली भुकटी आणि द्रावणही परत देण्याच्या यादीत धरा. वंशजांचा डेटा खुला ठेवण्याऐवजी मागणी आल्यावर, कारण तपासून द्या. आणि निबंधात ‘जिवंत जीवाश्म’, ‘शुद्ध वंश’, ‘आदिम’ हे शब्द दिसले तर एथिक्स कमिटीने तो परत पाठवावा.

मंत्रालयाने मानवी अवशेष आणि मानवी जनुकीय सामग्री यांच्यासाठी स्वतंत्र कायदा आणावा. तो फक्त अंदमानासाठी नसावा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीतल्या दोनशेहून अधिक दफनांमधल्या अवशेषांनाही तोच नियम लागू व्हावा, तिथे वंशज कोण ते सांगता येत नसलं तरी. संमती विचारण्याचं काम रेशन देणाऱ्या खात्याकडून काढून स्वतंत्र गटाकडे द्यावं. त्यात भाषा जाणणारा माणूस हवा, आणि पहिल्या व दुसऱ्या भेटीत निदान काही महिन्यांचं अंतर हवं, म्हणजे लोकांना आपसात बोलता येईल. ‘नाही’ म्हटल्यावर तिसरी भेट होऊ नये.

बाहेरच्यांशी संपर्क न ठेवणाऱ्या सेंटिनली लोकांना विचारता येत नाही आणि विचारायला जाऊही नये. त्यांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असंच धरावं, संग्रहात त्यांचा म्हणून नोंदलेला काही अवशेष असला तरी.

एक गोष्ट आमच्याकडूनही. नोंदीत फक्त ‘अंदमान’ लिहिलेली कवटी ग्रेट अंदमानींच्या दहा जमातींपैकी कुणाची, की ओंग्यांची, की जारव्यांची, हे ठरवायला डीएनएची मदत होऊ शकते. ग्रेट अंदमानींमध्ये गेल्या दीड शतकात बाहेरच्यांशी बरीच सरमिसळ झाली आहे, त्यामुळे उत्तर प्रत्येक वेळी नेमकं येईलच असं नाही. पण त्या समाजाने मागितलं तर हे काम आम्ही विनामूल्य करू, निष्कर्ष आधी त्यांना सांगू, आणि ते म्हणाले छापू नका तर छापणार नाही. त्या गेरू लावलेल्या कवटीतून भुकटी घ्यायची की नाही, तिची दोरी कुणाच्या हाती द्यायची, हे ग्रेट अंदमानींच्या स्ट्रेट आयलंडवर आणि ओंग्यांच्या डुगाँग क्रीकमध्ये ठरू दे.

यादी कधी प्रसिद्ध करणार, ती तारीख आम्हाला लेखी कळवावी.

आपले,
प्राचीन डीएनए, अस्थिविज्ञान आणि लोकसंख्या-जनुकशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे काही जण